इटलीतला चढ आणि येलदरीचा चढ

माझी बायको मरायच्या आधी चार महिने रोज दुपारी इटलीत जायची. खोटं बोलत नाही. खाटेवर पडून, मोबाईल उशीला टेकवून, एका माणसाच्या सायकलवरून जायची.

पोरगी आम्हाला एकच, पुण्याला दिलेली. आईचं दुखणं कळलं तशी ती आली, आठ दिवस राहिली, आणि जाताना आपला जुना मोबाईल ठेवून गेली. आईला भजनं लावून देत जा म्हणाली. मी चौथी शिकलेला माणूस, मला ते बोटानं सरकवायचं धड कळत नाही. एक भजन लावलं आणि शेळ्यांना पाला टाकायला गेलो. भजन संपलं तसं मोबाईलनं आपल्या मनानंच दुसरं काहीतरी लावलं. मी परत आलो तर ही डोळे मोठे करून बघायली.

"आवो, इकडं या. ह्यो मानूस कुठं जायलाय बगा."

बघितलं. नुसता रस्ता. सायकलचं हँडल, त्याच्यावर दोन हात, आणि पुढं रस्ता. माणसाचं तोंड नाही, बोलणं नाही, गाणं नाही. चाकाचा आवाज, पाखरांचा आवाज, मधूनच लांबून एखादी घंटा. दोन्ही अंगाला टेकड्या. आपल्यासारख्या खडकाळ नाहीत, पाण्यात बसलेल्या म्हशींच्या पाठीसारख्या गोल. रस्त्याच्या कडेनं सुरूसारखी उंच, निमुळती झाडं. एका टेकडीच्या डोक्यावर लाल कौलांचं गाव. आणि इतका चांगला रस्ता असून त्याच्यावर माणूस नाही, मोटार नाही, बैल नाही.

पोरीला फोन लावून विचारलं. ती म्हणाली, "आबा, ते इटली हाय. तिकडं लोक हौशीनं सायकल चालवतात, आन् हे छातीला कॅमेरा बांधून काढतात."

"हौशीनं?" मी म्हणालो. "काम न्हाई का त्यायला?"

"असू द्या," ही खाटेवरून म्हणाली. "भजन लावू नका आता. ह्येच लावा."

त्या दिवसापासून रोज दुपारी तेच. मीही खाटेच्या पायाशी बसायचो. सुरुवातीला मला काडीचा रस नव्हता. मी माझ्या आयुष्यात इतकी सायकल चालवली की सायकल बघायचाही कंटाळा. येलदरीच्या धरणावर मासोळ्या घ्यायच्या आणि गावोगाव विकायच्या, हा माझा धंदा. काळी चोवीस इंची सायकल, मागं कॅरियरवर टोपलं. धंद्याच्या पन्नास वर्षांतली चाळीस वर्षं ही माझ्याबरोबर यायची, कारण मासोळ्या साफ करून देणारी बाई बरोबर असली की बायका जास्त घेतात.

आमचं गाव वर आणि धरण खाली. मधे घाट. घाट म्हणजे फार मोठा नाही, तीन वळणांचा चढ. सकाळी खाली जाताना टोपलं रिकामं असायचं, तेव्हा ही कॅरियरवर बसायची, टोपलं मांडीवर घेऊन. येताना टोपलं भरलेलं. मग कॅरियरवर मासोळ्या आणि ही पायी. उताराला ती, चढाला मासोळ्या. चाळीस वर्षं असंच. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, आणि तिनं कधी तोंडातून शब्द काढला नाही. मी चढ संपला की वरच्या चहाच्या टपरीजवळ थांबायचो, बिडी पेटवायचो, आणि ती वर आली की म्हणायचो, "किती येळ लावतीस? माल नासंल." आज हे लिहिताना हात थांबतो. पण म्हणायचो हे खरं आहे.

तर ती त्या इटलीवाल्याला बघायची आणि बोलत राहायची. दुखणं पोटाचं होतं, आवाज बारीक झाला होता, पण बोलणं कमी झालं नव्हतं.

"येवढी शेतं, आन् खुरपायला एक बाई न्हाई."

"मशीन आसतील."

"मशीनीला गवत कळतंय व्हय?" थोडा वेळ गेला की, "थांबा, थांबा, त्ये बगा. रस्त्याच्या कडंला देवी हाय त्यायची बी. फुलं वाह्यलीत कुनी तरी." दगडी कोनाडा होता, आत बाईची मूर्ती, पुढं डब्यात फुलं. सायकलवाला थांबला नाही. हिला राग आला. "थांबला न्हाई मेला. जरा बसायचं तिथं. सावली हाय, दगड हाय बसाया."

ती सायकलवाल्यासारखा रस्ता बघतच नव्हती. कुठं बसता येईल, कुठं टोपलं टेकवता येईल, कुठं पाणी असेल, हे बघायची. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

चढ आला की ती गप्प व्हायची. तो माणूस हळू व्हायचा, हँडलवरच्या हातांच्या शिरा फुगायच्या, त्याचा श्वास मोबाईलमधून ऐकू यायचा. पण उतरायचा नाही.

"बगा, उतरत न्हाई."

"गिअर आसतात त्याला. मला गिअर आसते तर मी बी उतरलो नसतो."

"तुमी कवा उतरलात? मी उतरायची."



एकदा तिनं विचारलं, "त्याच्या मागं कुनी बसलं आसंल का हो?"

"आगं, त्या सायकलीला कॅरियरच नसतंय."

"तुमाला मागचं दिसतंय का? पुढचंच दिसतंय. मागं बसली आसंल बायकू. बगा की किती हळू चालवायलाय, खड्डा चुकवायलाय. एकटा मानूस आसा चालवत न्हाई."

पोरीनंही फोनवर सांगितलं की आई, तो एकटाच असतो. पण हिनं ऐकलं नाही. तिच्या लेखी त्या इटलीवाल्याच्या मागं एक बाई बसलेली होती आणि तो तिला चढ चढवत होता.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता घरीच ठेवा, पंधरा दिवसांनी दाखवायला आणा, आणि जे मागतील ते द्या. मी बायकोला विचारायचो, काय खावं वाटतं? ती म्हणायची, काही नाही. असे दिवस चालले होते. मग दिवाळीनंतर एका दुपारी, इटलीवाला एक मोठा चढ चढून वर गेला आणि वरून सगळा मुलूख दिसला तेव्हा, तिनं मोबाईल पालथा केला आणि म्हणाली,

"मला एकदा चढाला बसवा."

"काय?"

"आपल्या चढाला. धरनावरून वर. कॅरियरवर बसून. एकदाच. डॉक्टर म्हनला न्हाई का, मागंल ते द्या?"

तिला कोणी सांगितलं होतं डॉक्टरचं, मला माहीत नाही. मी म्हणालो, "बसवतो की. त्यात काय?"

तोंडानं म्हणालो. पण मी सत्तरी ओलांडलेला, गुडघे गेलेले. तो चढ मी शेवटचा सायकलवर चढलो त्याला सहा-सात वर्षं झाली होती. मनात आलं, हिला घेऊन निघालो आणि मधेच दम तुटला तर? दुसऱ्या वळणावर पाय टेकून हिला म्हणावं लागलं, उतर, तर? चाळीस वर्षं जिला चढाला पायी चालवली तिला या वक्ताला पुन्हा उतर म्हणायचं? ते माझ्यानं झालं नसतं. म्हणून मी ठरवलं, आधी एकट्यानं तालीम करायची. न उतरता चढता आलं की मग न्यायचं.

तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, उतरलात तर उतरलात, चला. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

दवाखान्यातल्या काट्यावर तिचं वजन छत्तीस किलो भरलं होतं. मी पोत्यात छत्तीस किलो ज्वारी भरली. कॅरियरवर जुनी वाकळ घडी करून बांधली, कारण नंतर तिला टोचायला नको, आणि वाकळेवर पोतं आवळलं. शेजारी माझी भावजय राहते, भावाच्या माघारी एकटीच. सकाळी बायकोला चहा पाजला की तिला हिच्यापाशी बसवायचो आणि निघायचो.

"कुठं जायलाव सकाळी सकाळी?" ही विचारायची.

"दळनाला."

"रोज दळन? गावजेवन घालायलाव का?"

खाली धरणापर्यंत जायचं, तिथून सायकल वळवायची आणि वर चढायला लागायचं. पहिल्या दिवशी पहिल्याच वळणाला उतरलो. छातीत लोहाराचा भाता चालल्यासारखं. सायकल ढकलत वर आलो तर टपरीवर चार टाळकी बसलेली.

"काका, गिरनी गावात हाय. धरनावर कुठं दळायलाव?"

"माशायला भाकरी करायलोय," मी म्हणालो. "तुला बी घालतो, ये."

"काकूला बसवा की मागं, पोत्यापरीस!"

सगळे हसले. मीही हसलो. तो पोरगेला माणूस मस्करीत जे बोलला तेच खरं होतं, आणि मी चहा पिऊन घरी गेलो.

रोज जायचो. आठ दिवसांनी पाय न टेकता पहिलं वळण सुटलं. मग दुसऱ्या वळणाच्या अलीकडं पाय टेकायचा. गुडघ्याला तेल लावून पट्टी बांधायचो. ही विचारायची, "न्यायलाव कवा?" मी म्हणायचो, थंडी कमी होऊ दे. मग म्हणायचो, रस्त्याचं काम चालू आहे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "लावा मग इटली."

पंधरा दिवसांनी दवाखान्यात गेलो. वजन तेहेतीस. घरी आल्यावर मी पोत्यातून तीन किलो ज्वारी काढली. मला वाटलं, हिशोब बरोबर ठेवला पाहिजे, तालीम खरी झाली पाहिजे. पुढच्या वेळी तीस. पुन्हा तीन किलो काढली. दुसरं वळण सुटलं. मला आनंद झाला. टपरीवाल्याला मी स्वतःहून म्हणालो, "आता तिसरंच राह्यलंय." त्याला काही कळलं नाही.

त्याच्या पुढच्या वेळी सत्तावीस. त्या दिवशी ज्वारी काढताना माझा हात पोत्यात होता आणि मला एकदम समजलं की माझी ताकद वाढलेली नाही. पोतं हलकं होत चाललंय. मी चढतोय तो ती संपत चालली म्हणून चढतोय. हे समजल्यावर शहाण्या माणसानं पोतं तिथंच टाकून तिला उचलून सायकलवर बसवली असती. सत्तावीस किलोची बाई. मी काय केलं? तीन किलो ज्वारी काढली, पोत्याचं तोंड बांधलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धरणावर गेलो. एकच वळण राहिलंय, एवढंच डोक्यात.

चार दिवसांनी तिसरं वळण सुटलं. एकदाही पाय टेकला नाही. टपरीवरचे लोक उभे राहिले, एकानं शिट्टी मारली. "काका, आज उतरला न्हाईत!" मी चहालाही थांबलो नाही. तसाच घरी आलो, सायकल दाराला लावली, पोतं मागं तसंच बांधलेलं.

भावजय दारातच होती. "भावजी, सकाळपासनं बसवना त्यायला. दोनदा धरून बसवलं, मान धरवंना. पेज बी गेली न्हाई."

मी आत गेलो. ही डोळे मिटून पडलेली. मी घामानं निथळत होतो, तिच्या कानाशी वाकलो.

"आगं, चढलो आज. एकदाबी उतरलो न्हाई."

"कुठं?"

"आपला चढ. उद्या तुला नेतो."

तिनं डोळे उघडले. "एकलेच चढलाव?"

"न्हाई. पोतं व्हतं मागं. ज्वारीचं. तुझ्या वजनाचं. महिना दीड महिना करायलोय. म्हनलं मधीच उतरायची पाळी येऊ नये तुझ्यावर."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं खूष झाली. मग म्हणाली,

"म्हंजी पोत्याला बसवलंत."

भावजय तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

"आदी मासोळ्या बसवल्या. मग पोतं."

"आगं, पाडलं आसतं तुला तर?"

"पडले आसते. काय व्हायचं राह्यलं व्हतं माझं?"

 मी पायाशी बसून राहिलो. अंगावरचा घाम गार झाला. दुपार झाली तसा मी सवयीनं मोबाईल घेतला, इटलीवाला लावला आणि तिच्या उशीला टेकवला. तिनं हातानं बाजूला केला.

"ते बंद करा. आपला रस्ता सांगा. रोज जायलाव म्हनता ना?"

"रस्ता काय सांगायचा? चढ हाय. तीन वळनं."

"आन्?"

"पहिल्या वळनाला डांबर उखडलंय."

"आन्?"

मी आठवायला लागलो. काही आठवेना. पन्नास वर्षं आणि वर हा दीड महिना मी त्या रस्त्यानं गेलो, आणि मला पुढचं चाक आणि चाकापुढचं हातभर डांबर, एवढंच आठवत होतं. चढाला मान खाली घालूनच चालवावी लागते.

"तुमाला न्हाई यायचं," ती म्हणाली. "मी सांगते."

आणि तिनं सांगितलं. थांबून थांबून, दम घेत. धरणाचा रस्ता संपून चढ सुरू होतो तिथं नळकांडीचा पूल आहे, त्याच्या खाली संक्रांतीपर्यंत ओल असते, तिथं ती पाय धुवायची, कारण टोपल्यातलं पाणी गळून पायाला वास यायचा. पुलाच्या वरच्या अंगाला सीताफळाचं झाड आहे, डोळे उघडलेलं फळ दिसलं की ती त्याला चिंधी बांधून ठेवायची म्हणजे दुसऱ्या दिवशी ओळखू येईल. "तुमी खाल्लीत ती. कुनी दिली इचारलं न्हाई कदी." पहिल्या वळणावर उभं राहून मागं बघितलं की सगळं धरण दिसतं, पाणी आभाळासारखं. "तुमी मागं बगितलंच न्हाई कदी. इटलीवाला बी बगत न्हाई."

पहिल्या आणि दुसऱ्या वळणाच्या मधे बाभळीखाली चपटा दगड आहे. तिथं ती बसायची.

"पोरगी पोटात व्हती तवा तिथंच कळ आली व्हती. सातवा लागला व्हता. दगडाला धरून बसले, म्हनलं आता हितंच व्हतंय की काय. मग राह्यली कळ. वर आले तर तुमी बिडी वडत व्हतात."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी म्हनलात, माल नासंल."

मला वाटलं ती रडेल, पण रडत नव्हती ती. रस्ता सांगत होती, इतकंच. दुसऱ्या वळणावर मुंगसाचं बीळ आहे, तरवडाची झुडपं आहेत, पिवळ्या फुलांची, संक्रांतीला घरात जी फुलं असायची ती तिथली. तिथवर सांगितलं आणि तिनं डोळे मिटले.

"तिसऱ्या वळनाचं उद्या सांगते. दम लागलाय."

"सांग उद्या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिची वाचा गेली. डोळे उघडे असायचे, मी विचारायचो, तिसऱ्या वळणाला काय आहे? ओठ हलायचे पण आवाज नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. पोरगी पुण्याहून पोचायच्या आत.

दहावं झालं, तेरावं झालं. पोरगी म्हणाली, आबा, चला पुण्याला. मी नाही म्हणालो. हे लिहून काढा असंही तीच म्हणाली, वही देऊन गेली.

आता मी सकाळी त्या चढानं पायी जातो. खालून वर. पुलाखालची ओल पाहिली. सीताफळाच्या एका फांदीला अजून चिंधी आहे, उन्हानं पांढरी पडलेली, कुठल्या वर्षीची कोण जाणे. पहिल्या वळणावर मागं बघितलं, धरण दिसतं, ती म्हणाली तसंच. दगडावर बसलो. मुंगसाचं बीळ सापडायला दोन दिवस लागले.

तिसऱ्या वळणावर गेलो की थांबतो. एक बोरीचं झाड आहे. वारूळ आहे. मैलाचा दगड आहे, अक्षरं पुसलेला. पलीकडं कुणाचं तरी पडीक रान, त्यात एक निंब. यातलं तिचं काय होतं? कशापाशी ती थांबायची? भावजयीला विचारलं, ती म्हणाली, "मी कवा गेले तुमच्या मासोळ्यायला, भावजी? मला काय ठाव?" पोरीला विचारलं, तिला आई तिथं थांबायची हेच माहीत नव्हतं.

दुसऱ्या कुणाला विचारावं तर त्या चढाला तिच्याबरोबर कधी कोणी चाललेलंच नाही. बरोबर चालायचा माणूस मी होतो आणि मी वर टपरीवर उभा होतो.